चतुराबाईची खुरपणी

शेंद्र्याच्या आसपासच्या वस्त्यांवर एक काळ असा होता की नवी सून पहिल्यांदा रानात आली, की सासू तिला आधी चतुराबाईचं शेत दाखवायची. "बघून ठेव. रान असं पाहिजे." सून बिचारी बघायची आणि मनातल्या मनात चतुराबाईच्या नावानं बोटं मोडायची. कारण त्या शेतात ज्वारी होती, तूर होती, बांध होता आणि याखेरीज काहीही नव्हतं. बांधावर बोराटी नाही, सरीत हराळी नाही, विहिरीच्या कडेला टाकळ्याचं पान नाही. खरं तर इतकी स्वच्छता माणसाच्या घरातसुद्धा बरी दिसत नाही, पण चतुराबाईला हे सांगणार कोण?

बाई ठेंगणी, तोंडानं फटकळ आणि कामाला वाघ. खुरपणीला बसली की आपली ओळ संपवूनच उठायची, तेव्हा बाकीच्या बाया निम्म्या वाटेत बसून सुनांची गाऱ्हाणी सांगत असायच्या. गाऱ्हाणी तीही सांगायची, पण तोंड चाललं म्हणून हात थांबवायचा नाही, हा तिचा नेम. हिवर, बोराटी, पळस, हेकळ, हिंगणबेट या काटेरी नाहीतर चिवट जातींशी तिचा उभा दावा होता. नांगर झाला, वखर झाला, तरी जमिनीच्या पोटातली जुनी मुळं पावसाबरोबर फुटायचीच. आणि कोंभ बोटभर वर आला की चतुराबाईचं खुरपं त्याच्या मानेवर पडायचं. पेरलेलं ते आपलं, न पेरता आलेलं ते चोर. तिचं शास्त्र एवढंच होतं आणि त्यात कुठं पळवाट नव्हती.

तिचा नवरा सर्जेराव चेष्टेखोर होता. तो म्हणायचा, "तुह्या रानात पाखराला बसायला काडी नाय. बिचारं उडता उडताच कार्यक्रम उरकून जातं." ती म्हणायची, "जाऊ द्या. खत फुकट भेटतं."

पुढं कारखान्यांची वसाहत वाढली आणि अकरा एकरांतले सात एकर तिच्यात गेले. तिथं आधी खांब आले, मग तार, मग रस्ता, मग रात्रंदिवस जळणारे दिवे. उरले ते नाल्याकडचे चार एकर, त्यात एक विहीर आणि पत्र्याची एक खोली. विहिरीनं दोन वर्षांत तळ दाखवला. चौदा सालच्या दुष्काळात, दसऱ्याला चार दिवस असताना, सर्जेरावनं सकाळचा चहा घेतला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जरा दुखतंय." मुलाला फोन झाला, जीप आली, जीप शहराकडं निघाली. चिकलठाण्याच्या अलीकडेच तो गेला. जीप तिथूनच माघारी वळली. नाल्याच्या काठी, त्याच्याच रानात त्याला अग्नी दिला.

त्या दिवसापासून चतुराबाईला काही वाटेनासं झालं. दुःख झालं असं म्हणावं, तर दुःखात माणूस निदान तळमळतो. हिचं तसं नव्हतं. हात भाजला तरी तिला उशिरा कळायचं. भाकरीला चव लागत नव्हती आणि चव लागत नाही याचंही काही नव्हतं. कुणी ऊठ म्हणालं की उठायची, बस म्हणालं की बसायची.

मुलगा रामेश्वर तिला शहरात, पुंडलिकनगरला घेऊन गेला. तो एका पतसंस्थेत कारकून. दोन खोल्यांचं घर, गॅलरी, गॅलरीत कुंड्या. सून सत्यशीला स्वभावानं चांगली, आणि हीच अडचण होती. वाईट असती तर भांडण झालं असतं, भांडणात चार दिवस बरे गेले असते. ती बिचारी सासूच्या पुढ्यात ताट आणून ठेवायची आणि ताट जसंच्या तसं उचलून न्यायची. बाविसाव्या दिवशी सत्यशीला बाजारातून आली तेव्हा चतुराबाई गॅलरीत उकिडवी बसली होती आणि विकत आणलेलं शोभेचं गवत कुंडीतून मुळासकट उपटून तिनं बाजूला नीट जुडी करून ठेवलं होतं.

"अहो आई, ते लावलेलं होतं!"

"गवत कोण लावतं?" चतुराबाई म्हणाली.

सत्यशीला हसली. तिनं रात्री नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. हसण्यासारखंच होतं ते.

उरलेले चार एकर ठेवून करायचं काय, हा प्रश्न रामेश्वरला पडला. पाणी नाही, माणूस नाही. तेवढ्यात झाडं लावणारी एक संस्था विकत घ्यायला जमीन शोधत आली. तिचे प्रमुख बद्रीनाथ सर, निवृत्त इंजिनिअर. जन्मभर रस्त्यांसाठी झाडं तोडायच्या कागदांवर सह्या केल्या, आता उरलेलं आयुष्य झाडं लावण्यात घालवायचं म्हणत होते. पडीक शेतांवर इथलंच, मराठवाड्याच्या मातीतलं जंगल पुन्हा उभं करायचं, त्यात तितर-लाव्हे यावेत, ससे यावेत, वसाहतीतल्या कामगारांना रविवारी लेकरंबाळं घेऊन बसायला सावली व्हावी, असा त्यांचा बेत. बेत चांगला होता. रामेश्वरनं होकार दिला.

कागद झाले त्या दिवशी चतुराबाईनं सही कुठं करायची ते विचारलं नाही, दाखवली तिथं केली. फक्त उठताना म्हणाली, "मला तिथं राहू द्याल का?"

"कुठं?" सरांनी विचारलं.

"माह्या रानात. पत्र्याच्या खोलीत. राखण करीन."

रामेश्वरचा चेहरा उतरला. आपल्याच विकलेल्या जमिनीवर आई राखणदार, हे लोकांत सांगायचं कसं? पण सरांना राखणदार हवाच होता, आणि रानाची इतकी माहिती असलेलं माणूस त्यांना दुसरं कुठून मिळणार? त्यांनी होय म्हटलं. चतुराबाईला आनंद झाला नाही. पण पुंडलिकनगरात तिला आपण आहोत की नाही हेच कळत नव्हतं, आणि रानात निदान पाय कुठं टाकायचा ते कळायचं. एवढ्यासाठी तिला तिथं राहायचं होतं. जगात दुसरं काही मागायचं तिच्याजवळ उरलं नव्हतं.

जूनमध्ये संस्थेची माणसं आली. त्यांच्यात अक्षदा नावाची पंचविशीतली मुलगी होती, वनस्पतिशास्त्र शिकलेली, डोक्यावर सुपाएवढी टोपी. रोपवाटिकेतून बाराशे रोपं आली. प्रत्येकाला खड्डा, खड्ड्याभोवती आळं, आळ्यात बांबूची काठी, काठीला रोप बांधलेलं. चतुराबाईनं सगळं पाहिलं. तिला ते पटलं. पीक थोडं वेगळं होतं, पण ओळीत होतं.

"आजी, तीन गोष्टी सांभाळायच्या," अक्षदा म्हणाली. "शेळ्या-मेंढ्या आत येऊ द्यायच्या नाहीत, कुणाला कुऱ्हाड लावू द्यायची नाही आणि आग लागू द्यायची नाही."

"नाय लागू देणार."

"बाकी तुम्हाला मी काय सांगू? तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

शहाण्या माणसाची गफलत होते ती नेहमी असल्या वाक्यापाशी होते. पण ते पुढं.

त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. आठवड्याला एक टँकर यायचा आणि चतुराबाई आळ्या-आळ्यात तांब्यानं पाणी घालायची. तरी श्रावणापर्यंत निम्मी रोपं वाळली, भाद्रपदात बाकीची माना टाकू लागली. रोपवाटिकेत सावलीत वाढलेली ती, त्यांना इथल्या उन्हाची सवय कुठली? मधूनच एखादी सर पडे तेवढीच. बद्रीनाथ सर सुस्कारे टाकत. अक्षदा मात्र हळूहळू खुलत चालली होती, आणि त्याला कारण होतं. नांगर थांबला होता. पन्नास-शंभर वर्षं ज्या मुळांना डोकं वर काढू दिलं नव्हतं, ती तेवढ्या पावसावर फुटली. ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत हिवर आला, बोराटी आली, पळसाची तीन-तीन पानं आली, हिंगणबेटाचे हिरवे काटे आले. न लावता, न पाणी घालता. अक्षदा एकेकापाशी बसायची, उंची मोजायची, वहीत लिहायची. सहाशे बारा भरले. तिनं सरांना फोनवर सांगितलं की लावलेलं गेलं तर जाऊ द्या, जंगल आपलं आपणच येतंय.

चतुराबाई खोलीच्या दारातून बघत असायची. पोरगी मधेमधे बसते, उन्हानं थकत असेल, असं तिला वाटायचं. अक्षदा काय मोजते हे तिनं विचारलं नाही, कारण तिला काहीच विचारावंसं वाटत नव्हतं. आणि अक्षदानं सांगितलं नाही, कारण आजींना ते ठाऊकच असणार असं ती धरून चालली होती.

अशात सर्जेरावचं वर्षश्राद्ध आलं.

अग्नी रानात दिलेला, तेव्हा पान वाढायचं तर तिथंच. दोन दीर येणार, जावा येणार, नणंद लासूर स्टेशनहून येणार. दहा दिवस राहिले तेव्हा चतुराबाई खोलीबाहेर आली, कमरेवर हात ठेवून तिनं रानाकडं पाहिलं आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला काहीतरी टोचलं. रान माजलं होतं. माणूस जाऊन वर्ष झालं आणि त्याच्या रानात गुडघाभर काटं, हे त्याच्या भावांनी बघायचं? त्यांच्याकडं रीतच होती: वर्षश्राद्धाला पाहुणे रानात येतात ते आधी रान बघतात, मग पान बघतात. मागे बाईमाणूस राहिलं म्हणून रान बसलं, असं एक वाक्य कुणाच्या तोंडून आलं असतं तर जन्माचं लागलं असतं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तिनं खुरपं काढलं, धार लावली आणि नाल्याच्या टोकाला बसली.

आठ दिवस. उजाडलं की बसायची, दिसेनासं झालं की उठायची. अक्षदा त्या पंधरवड्यात संस्थेच्या दुसऱ्या एका रानावर गुंतली होती. आळ्यातल्या एकाही काठीला तिनं धक्का लावला नाही. उलट वाकड्या झालेल्या काठ्या सरळ केल्या, आळी नीट भरली, त्यातली वाळकी रोपंसुद्धा पुन्हा बांधून उभी केली, कारण ती लावलेली होती. बाकी सगळं मात्र काढलं. हिवर, बोराटी, पळस, एकेकाच्या मानेवर खुरपं. त्या आठ दिवसांत ती भाकरी खात होती, आणि पडल्या पडल्या तिला झोप लागत होती. डोक्यात काही येत नव्हतं, पण ते न येणंही बरं होतं.

तिसऱ्या दिवशी तारेपलीकडं कडूबाई येऊन उभी राहिली. ही धनगराची, तिच्याच वयाची. पिढ्यान्‌पिढ्या तिची मेंढरं-शेळ्या सुगीनंतर याच रानात बसायची. तार झाल्यापासून ती बाहेर होती आणि चाऱ्यापायी शेळ्यांची हाडं वर आली होती.

"चतुरे, हे काढलेलं टाकून देतीस व्हय?"

"मंग काय पूजा करू? ने भारा बांधून."

"तुह्या सरकारला चालंल का?"

"शेळी आत यायला नाय पाहिजे. चारा बाहेर गेला तर त्यांचं काय जातं?"

कडूबाईनं रोज एक भारा नेला. शेळ्यांनी वर्षात इतका ओला पाला पाहिला नव्हता.

श्राद्धाला सगळे आले. दोन दिरांतल्या थोरल्यानं रानात पाऊल टाकलं, चहूकडं नजर फिरवली आणि म्हणाला, "वहिनी, दादा गेला पण रान हललं नाय." चतुराबाईनं पदर पुढं ओढला. घास ठेवला, कावळा शिवला, माणसं जेवली, गेली. तिला समाधान वाटायला हवं होतं. तिनं आत शोधून पाहिलं, तर तिथं काही नव्हतं. तिनं भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला अक्षदा आली. फाटकातून चार पावलं चालली आणि उभी राहिली. टोपी काढली. परत घातली.

"आजी, इथलं सगळं कुठं गेलं?"

"काय कुठं गेलं?"

"झाडं."

"हायेत की जागच्या जागी. तुमच्या एका झाडाला बोट नाय लावलं मी." चतुराबाईनं आळ्यांकडं हात केला. आळी सुरेख दिसत होती. प्रत्येकात एक सरळ काठी आणि काठीला बांधलेली दुसरी वाळकी काडी.

"ही नाही हो. मधली. आपोआप आलेली."

"ते तर तण व्हतं, बाई."

अक्षदा खाली मातीत बसली. तिला ओरडायचं असावं, पण आवाज निघाला तो अगदी बारीक. "आजी, तेच जंगल होतं."

मग तिनं समजावून सांगितलं. वही उघडून दाखवली. सहाशे बारा, नावानिशी, उंचीनिशी. चतुराबाईनं त्या वहीकडं पाहिलं, मग रानाकडं पाहिलं. तिला सगळं कळलं. ज्याची राखण करायला ठेवलं होतं तेच आपण आठ दिवस बसून, पाठ मोडेस्तोवर, एकही न सोडता काढून टाकलं. आणि ज्या शेळ्यांना आत येऊ द्यायचं नव्हतं, त्यांना भारे बांधून घातलं. वाईट वाटायला पाहिजे हेही तिला कळत होतं. वाटलं मात्र काहीच नाही. एकच भीती तेवढी आतून वर आली.

"मंग मला काढता का इथून?"

अक्षदानं वही मिटली आणि ती उठली.

त्याचं उत्तर चार दिवसांनी बद्रीनाथ सर घेऊन आले. बरोबर रामेश्वर होता, मान खाली घालून. सर भले माणूस, त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, दोष आमचाही आहे, आम्ही सांगितलं नाही. पण हे पुन्हा होऊन चालणार नाही, आणि आता रानात काही उरलंही नाही. पुढच्या पावसाळ्यात आषाढात मोजणी करू. काही फुटलेलं दिसलं तर बघू. नाहीतर जमीन दुसऱ्या पद्धतीनं, यंत्र लावून नव्यानं करावी लागेल, तेव्हा इथं राहणं जमायचं नाही.

"आई, तोवर कशाला?" रामेश्वर म्हणाला. "आजच चल. तिथं काय कमी आहे तुला?"

चतुराबाई त्याच्याकडं न बघता सरांना म्हणाली, "मरत नाय ते."

"कोण?"

"हिवर. बोराटी. ते मरत नाय, सर. चाळीस सालं मारून बघितलं मी. वरून तोडलं की खालून येतं. खुरप्यानं मेलं असतं तर दरसाल कामून बसले असते मी खुरपायला?"

सरांनी अक्षदाकडं पाहिलं. अक्षदा म्हणाली, एरवी खरं आहे आजींचं, पण जमिनीत ओल नाही, लागोपाठ दुसरा दुष्काळ, मुळं आतल्या आत वाळूही शकतात. सांगता येत नाही. शेवटी आषाढापर्यंत राहायचं ठरलं, एका अटीवर. आजींनी रानात कशालाही हात लावायचा नाही. कशालाही म्हणजे कशालाही.

हात न लावता राहणं हे काम तिनं जन्मात केलं नव्हतं. ती खोलीपुढचं अंगण दिवसातून चारदा झाडायची, त्यातली मातीसुद्धा संपत आली. ज्वारी निवडून झाली की पुन्हा सुपात घेऊन निवडायची. कडूबाई तारेपलीकडून हसायची. "माह्या शेळ्यांनी जंगल खाल्लं म्हण की गं! अन् मी म्हणलं दूध एवढं कामून वाढलं." चतुराबाईला हसू यायचं नाही, पण कडूबाईनं येऊ नये असंही वाटायचं नाही.

रोज सकाळी ती रानात एक फेरी मारायची. हात मागं बांधून. आणि आता गंमत बघा, उलटीच झाली. ज्या काट्याचं जन्मभर वाईट चिंतलं, त्याच्या कोंभासाठी ती डोळे फाडून जमीन बघत होती. पौष गेला, माघ गेला. एरवी बोराटी अशी निलाजरी की भर उन्हाळ्यात, पाण्याचा थेंब नसताना फुटते. त्या साली चैत्रात ती फुटली नाही. वैशाखात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, तरी नाही. पळस नाही, हिवर नाही. आळ्यातल्या काठ्यांना वाळवी लागली. वसाहतीच्या रस्त्यावरून लोखंड भरलेले ट्रक दिवसभर धूळ उडवत जायचे आणि ती धूळ त्या चार एकरांवर सारखी बसायची. चतुराबाईला वाटू लागलं की चाळीस वर्षांत एकदाही पुरी न झालेली खुरपणी या खेपेला पुरी झाली. हे वाटलं तेव्हाही ती भेदरली नाही की रडली नाही. खोलीत गेली, आपली तीन लुगडी घडी करून पिशवीत भरली आणि पिशवी दाराशी ठेवली. रामेश्वर दर रविवारी यायचा, पिशवी बघायचा, परत जायचा. त्यानं पुंडलिकनगरातल्या आतल्या खोलीत तिच्यासाठी पंखा बसवला होता.

त्या साली पाऊस उशिरा आला, पण आला तो खरा आला. तीन दिवस पडला. भेगा मिटल्या. चौथ्या दिवशी चतुराबाईनं फेरी मारली, काही नव्हतं. पाचव्या दिवशी अंगात ताप होता म्हणून ती गेली नाही. पुढचे दोन आठवडेही ती पडूनच होती. कडूबाई शेळ्या कोंडून, अंधार पडल्यावर येऊन पेज करून देत होती.

पाऊस सुरू होऊन तिसरा आठवडा सरला तेव्हा मोजणीला अक्षदा आली. चतुराबाईनं पडल्या पडल्या फाटक वाजलेलं ऐकलं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग अक्षदा धावत आली, टोपी मानेवर पडलेली, चपला चिखलानं भरलेल्या.

"आजी! उठा. उठा आधी!"

ती उठली. अक्षदानं दंडाला धरून तिला रानात नेलं. जिथं एक कोंभ तोडला होता तिथं चार-चार, पाच-पाच फुटले होते. जाड, तांबूस, ओलेगार. हिवराला काटे आधी आले होते, पानं मागून. पळसाची पानं तळहाताएवढी. बोराटी तर अशी पसरली होती जणू काही झालंच नव्हतं. ओळ नाही, आळं नाही, काठी नाही. नाल्यापासून खोलीपर्यंत जिथं नजर टाकावी तिथं हेच.

मोजणीला दोन दिवस लागले. नऊशेच्या वर भरले. मागच्या साली जी मुळं झोपून होती, तीही या पावसानं जागी झाली होती. बद्रीनाथ सर आले, चिखलात उभे राहिले आणि म्हणाले, "आजी, तुमचं शास्त्र आमच्यापेक्षा पक्कं निघालं. राहा तुम्ही इथं, हवे तितके दिवस." रामेश्वरलाही फोन झाला. रविवारी तो आला तेव्हा त्यानं दाराजवळची पिशवी उचलून आत ठेवली. म्हणजे जे तिला हवं होतं ते सगळं झालं.

सगळे गेल्यावर अक्षदा एकटीच थांबली होती. तिचं मोजमाप अजून चाललेलं. तिला दिसलं की चतुराबाई नाल्याच्या बाजूला, जिथं वर्षश्राद्धाचं पान ठेवलं होतं तिथं जाऊन उभी राहिली आहे. मग ती खाली बसली, खुरपायला बसते तशीच, एक गुडघा उभा करून. अक्षदा पळत गेली. पण चतुराबाईचे हात रिकामे होते. एका हिवराच्या फुटव्यापुढं ती बसली होती आणि तिचा सगळा देह हलत होता. आवाज आधी आतल्या आत होता, मग बाहेर आला, आणि आला तो थांबेना.

"आजी, अहो रडताय काय? जगलं ना सगळं! तुम्ही म्हणालात तसंच झालं."

"व्हय बाई, जगलं."

"मग?"

चतुराबाईनं त्या फुटव्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत न वाटलेलं सगळं आता एकदमच वाटत होतं, आणि ते कुठं ठेवावं तिला कळत नव्हतं.

"ह्याला चाळीस सालं तोडलं मी," ती म्हणाली. "दरसाल आलं. अन् त्या माणसाला चाळीस सालं जपलं. ते नाय आले."

अक्षदानं टोपी काढली. ती वही बाजूला ठेवून तिच्याशेजारी ओल्या मातीत बसली, आणि अंधार पडेपर्यंत दोघी तिथंच होत्या.